रव, ख आणि खरातबाई

खरातबाईंच्या टेबलापुढे उभं राहून ‘अमुक नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलंच, तर बाई चष्मा कपाळावर चढवत, आपल्याकडे नीट बघत आणि विचारत, “नाय, का तुम्हाला सापडलं नाय?” मग समोरचा एम.ए.चा विद्यार्थी असो की विभागप्रमुख, त्याला आपलं वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणावं लागे. मी ते पन्नासएक वेळा तरी दुरुस्त केलं असेल आणि दर वेळी मनातल्या मनात चरफडलो आहे.

बाई आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, डिजिटल विभागात होत्या. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, माझी तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, आठ संगणक, त्यातले चालू तीन. भिंतीवर ‘जगाचे ज्ञान एका क्लिकवर’ असा भलामोठा फलक. त्याखाली टेबल लावून बाई बसत. ठेंगणी, सावळी मूर्ती, पन्नाशी उलटलेली, केसांचा घट्ट अंबाडा आणि बारा महिने अंगात राखी स्वेटर, कारण एसीचा रिमोट हरवला होता आणि एसी मात्र चालू होता. पाठ ताठ, मनगटं टेबलापासून दोन बोटं वर. बसण्याची ही पद्धत टायपिंगच्या क्लासात शिकवतात, आणि बाई तिथूनच आलेल्या होत्या.

इथे कंत्राटावर लागण्याआधी औरंगपुऱ्यातल्या एका टायपिंगच्या दुकानात त्यांनी वीस वर्षं काढली होती. त्या वीस वर्षांत विद्यापीठातले निम्मे मराठी प्रबंध बाईंच्या बोटांखालून गेले. “एकच प्रकरण दोन प्रबंधांत टायपलंय मी,” असं त्या कधीमधी म्हणत. नाव विचारलं की, “नाव कशाला? दोघंबी आता मोठ्या जागंवर हायेत,” म्हणून डबा उघडत.

माझी गाठ पडली ती ‘बारव’ या शब्दापायी. चिकलठाण्याच्या पुढे एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची थोडीफार आशा, नाहीतर दर सत्राला नवीन नेमणूकपत्राची वाट बघायची. विषय मी हौसेने घेतला होता: मराठवाड्यातल्या बारवा, म्हणजे पायऱ्या उतरून जायच्या जुन्या दगडी विहिरी, आणि त्यांच्याभोवतीची भाषा. विषयाला मान्यता देणाऱ्या समितीची अट एकच. ‘या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही’ हे ग्रंथालयाच्या शोधयंत्रातून खात्री करून लिहून द्यायचं.

मी शोधलं. इंग्रजीत ‘स्टेपवेल’ टाकलं तर सगळं गुजरात बाहेर पडलं. रोमन लिपीत ‘बारव’ टाकलं तर यंत्राने विचारलं, तुम्हाला ‘बार’ म्हणायचं आहे का, आणि दारूच्या परवान्यांवरचे दोन निबंध पुढे केले. मराठीत टाकलं तर शून्य. ते शून्य बघून मला इतका आनंद झाला की मी लगेच छपाईचं बटण दाबलं. प्रिंटर बाईंच्या टेबलाशेजारी होता. बाईंनी तो कागद हातात घेतला.

“कसं टाकलं?”

“बारव.”

“एकदाच?”

“कितीदा टाकायचं, मॅडम?”

“बारव टाका, बारवा टाका, बारो टाका, नुसतं बाव टाका. इंग्लिशमधी एक ए, दोन ए, व्ही, डब्ल्यू. ज्यानं ते भरलंय त्याला त्या दिवशी काय सुचलं आसंल, त्याचा इचार करून टाका.”

मी टाकत बसलो. दुपार गेली. शहराचं नाव बदलल्यापासून ठिकाणाच्या रकान्यात तेच एक शहर पाच-सहा तऱ्हांनी आलेलं होतं, त्याही सगळ्या बाईंनी बघायला लावल्या. शून्यच आलं. मी पुन्हा कागद पुढे केला, तर बाई म्हणाल्या, “आता जुन्या अक्षरात बघू.”

ही त्यांची खास विद्या होती. पूर्वी मराठी टाइप करायला जे फॉन्ट होते, त्यात आपल्याला पडद्यावर दिसे मराठी, पण संगणकाच्या पोटात साठत ती इंग्रजी अक्षरं. त्या काळच्या फ्लॉपी-सीडीच्या चकत्यांवरून जे प्रबंध चढवले गेले, ते आज वाचायला मराठी दिसतात, पण यंत्राला त्यात मराठीचा एकही शब्द सापडत नाही. बाई कळफलकावर हात ठेवत, नजर खिडकीकडे, आणि बोटं आपसूक चालत: ई, जे, के, मोठा बी, ओ, के, मोठा एम, के. हा झाला ‘मराठवाडा’. ही अगम्य अक्षरं शोधाच्या चौकटीत पडली की भसाभसा तीस-चाळीस प्रबंध वर येत, जे इतर कुणालाही सापडत नसत. मी एकदा वही काढली आणि म्हटलं, मॅडम, सगळी अक्षरं सांगा, लिहून घेतो. बाईंनी प्रयत्न केला, पण तोंडाने सांगता येईना. “हात ठेवल्याबिगर आठवत नाय ओ,” त्या ओशाळून म्हणाल्या.

हे शोधयंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस एकदा प्रशिक्षणाला आला होता. आम्हा चाळीस संशोधकांना त्याने दोन तास इंग्रजी उदाहरणं दाखवली. बाई मागच्या रांगेतून उठल्या. “सर, मराठवाडा हुडकून दाखवा.” त्याने टाकलं, मोजके नवे प्रबंध आले. तो म्हणाला, “देखिए, इतना ही डेटा है.” बाई पुढे गेल्या, त्याच्या संगणकावर आपली ती अक्षरं टाकली आणि सभागृहभर जुने प्रबंध ओतले. तो माणूस खरोखर चकित झाला. “मॅडम, ये तो हमको पता ही नहीं था, मैं नोट करता हूँ,” म्हणाला आणि त्याने आमच्यासमोर लिहूनही घेतलं. त्यानंतर दीड वर्षात यंत्रात झालेला बदल एवढाच की शोधाची चौकट निळी होती ती हिरवी झाली.

बाहेरच्या नियतकालिकांचे संग्रह उघडायचे म्हणजे आणखी वेगळी मगजमारी. त्याच्या परवलीचा सहा आकडी क्रमांक, म्हणजे ओटीपी, ज्या मोबाइलवर येई, तो होता निवृत्त उपग्रंथपाल देशमुखसाहेबांचा. साहेब गेले, नंबर राहिला. तो बदलण्यासाठी अर्ज करायचा तर त्याच नंबरवर क्रमांक येणार. साहेब वेरूळला मुलाच्या हॉटेलात बसलेले असत. बाई फोन लावत. “साहेब, नमस्कार. तब्येत बरी हाये का? गुडघा काय म्हणतोय?” गुडघ्याचं सांगून होईतो क्रमांकाची मुदत संपलेली असे. मी शेजारी उभा राहून दात-ओठ खात असे.

“मॅडम, आधी आकडा विचारा ना.”

“मोठ्या माणसाला पहिलं तब्येत इचारायची नाय व्हय? फोन काय नुस्ता आकड्यापुरता करायचा?”

शेवटी त्यांनीच तोड काढली. तब्येतीची विचारपूस पूर्ण होऊ द्यायची आणि मग इकडे क्रमांक मागवायचं बटण दाबायचं. एक निबंध उघडायला पाऊण तास लागे, त्यातला अर्धा तास साहेबांच्या गुडघ्याचा. मला बाईंचा वैताग यायचा हे खोटं कशाला बोलू. पण त्या खोलीत बाईंशिवाय कुणाला काही सापडत नसे, त्यामुळे वैतागूनही मी तिथेच जाऊन बसे.

समितीपुढचं माझं सादरीकरण एका बुधवारी ठरलं. सोमवारी वर्ग सुटताना बाईंचा फोन आला.

“सर, इकडं या. फोनवर नाय सांगत.”

जालना रोडच्या गर्दीतून गाडी काढत विद्यापीठात पोचलो तर बाई काम बाजूला ठेवून नुसत्या बसलेल्या होत्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“तुमच्या विषयावर एक प्रबंध हाये.”

“मॅडम, आपण दोघांनी महिनाभर शोधलंय.”

“सापडला नाय. पण हाये. मीच टायपलाय तो. काल भांडी घासता घासता आठवलं.”

कमल मोहिते म्हणून एक बाई होत्या, जालन्याकडच्या शाळेत शिक्षिका. शनिवारी शाळा सुटली की एसटीने औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानात यायच्या, हाताने लिहिलेले ताव घेऊन. टायपिंग चालू असताना शेजारी स्टुलावर बसून एकेका बारवेच्या पायऱ्या, कोनाडे, तिथे बायका काय म्हणत, ते सांगत राहायच्या. खरातबाईंना ते सगळं आठवलं होतं, पायऱ्यांच्या आकड्यांसकट.

“मग यंत्रात का नाही?” मी विचारलं.

बाईंनी सांगितलं, जुन्या अक्षरांची विद्या इथे चालणार नव्हती. या प्रबंधाची चकती उरली नसणार. छापील प्रतीचे फोटो काढून चढवले असणार, आणि फोटोतला मजकूर यंत्राला वाचता येत नाही. त्याला कळतं ते फक्त वर कुणीतरी हाताने भरलेलं शीर्षक. बाई बराच वेळ कळफलकावर हात ठेवून बसल्या. मग पेन्सिल घेऊन माझ्याच त्या शून्याच्या कागदावर ‘र’ काढला आणि त्याला चिकटून ‘व’.

“काय दिसतंय?”

“ख,” मी म्हटलं.

“तो फॉन्ट लई दाट होता. र आन् व शेजारी आले की चिकटायचे. मी टायपलं बारवा. भरणाऱ्यानं जे दिसलं ते भरलं.”

त्यांनी चौकटीत ‘बाखा’ टाकलं. चक्र फिरलं आणि एक नोंद वर आली. ‘मराठवाड्यातील बाखा : एक अभ्यास’. संशोधक, कमल मोहिते. खाली बारीक अक्षरात वाचकसंख्या दिलेली असते, तिथे शून्य होतं. इतक्या वर्षांत तो प्रबंध एकदाही कुणी उघडला नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी बोलून दाखवलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, “मॅडम, ‘बाखा’ कोण शोधणार आहे? समितीला हे जन्मात सापडणार नाही. आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. राहू द्या ना.”

बाईंनी चष्मा वर केला नाही. “व्हय. राहू द्या म्हणलं तर राहतंय. आजवर राह्यलंच की.” मग म्हणाल्या, “शाळा करून गावोगाव फिरायची ओ ती बाई. साप असलेल्या पाण्यात उतरायची. आन् मी तिचं एक अक्षर चिकटवून ठेवलं.”

“तुमची काय चूक? फॉन्टची चूक.”

“फॉन्ट मीच लावला होता. त्या फॉन्टमधी पानं कमी भरायची, तिचा खर्च वाचावा म्हणून.”

मी उठून निघून आलो. बाईंचा राग आला होता, मोहितेबाईंचा आला होता, त्या दोन अक्षरांचाही आला होता. विषय मनात धरल्यापासून तीन वर्षं ज्या कामाच्या नावाने मी कॉलेजात मान वर करून फिरत होतो, ते आधीच होऊन बसलं होतं. मंगळवारी मात्र पाय पुन्हा तिकडेच वळले. दिवसभर बसून मी प्रबंध वाचला. हाताने काढलेले नकाशे, एकेक शब्द कुठल्या गावात कुणाकडून ऐकला त्याची नोंद. मला जे करायचं होतं ते सगळं त्यात होतं, आणि मी केलं असतं त्यापेक्षा नीट होतं. बाईंनी मधे एकदा चहा आणून ठेवला.

बुधवारी मी समितीला आपणहून सांगितलं. समिती म्हणाली, विषय बदलून पुढच्या सत्रात या. पुढच्या सत्रात मी मोहितेबाईंच्याच बारवा घेऊन गेलो: त्यांनी नोंदवलेल्यांपैकी आज किती शिल्लक, आणि त्यांच्याबरोबर कुठले शब्द गेले. तो विषय मंजूर झाला. अख्खं एक सत्र मात्र पाण्यात गेलं, आणि त्याबद्दल मी बाईंना पुढे बरेच दिवस टोमणे मारले.

बाईंनी मात्र एकच ध्यास घेतला. ‘बाखा’ पुसून ‘बारवा’ करायचं. शीर्षकात एका अक्षराची दोन करायची, पण तो अधिकार ग्रंथालयाला नव्हता, कंपनीला होता. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, लेखकाचं संमतिपत्र जोडा. प्रबंधावरच्या पत्त्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. ते ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. शाळेत फोन केला तर मुख्याध्यापक म्हणाले, मोहितेबाई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या, कुठे ते माहीत नाही. दुसऱ्या अर्जाला तक्रार क्रमांक मिळाला आणि आठवड्यात निरोप आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. बघितलं तर ‘बाखा’ जागच्या जागी.

तिसऱ्या अर्जानंतर एका सकाळी बाईंनी मला घाईने बोलावलं. शीर्षक खरंच बदललं होतं. ‘मराठवाड्यातील बखरी : एक अभ्यास’. विषय, इतिहास. कंपनीतल्या कुणा जाणत्या माणसाला ‘बाखा’ हा शब्दच नाही हे कळलं होतं, आणि त्याने आमचा अर्ज न वाचता आपल्या बुद्धीने सुधारणा केली होती. आता बारवा टाकून सापडत नव्हतं, बाखा टाकूनही सापडत नव्हतं, आणि बखरींच्या अभ्यासकाच्या हाती पडलं तर तो विहिरींचे नकाशे बघून कपाळाला हात लावणार होता. मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “अडाण्याची गलती काढता येती, सर. शिकलेल्याची काढायला लई जड जातं.”

चौथा अर्ज करायच्या आत माणसं पुरवणारी एजन्सी बदलली. नव्या एजन्सीला संगणकाची पदविका असलेले लोक हवे होते. बाईंकडे टायपिंगची तीन प्रमाणपत्रं होती, ती चालली नाहीत. कंत्राटी माणसाला निरोपसमारंभ नसतो. महिनाअखेरीला त्यांनी किल्ली दिली, डबा पिशवीत घातला आणि देशमुखसाहेबांना फोन करून सांगितलं की उद्यापासून दुसरं कुणी फोन करील, त्याला जरा समजून घ्या.

माझा प्रबंध यंत्रावर चढवायचा दिवस गेल्या महिन्यात आला. मी बाईंना कळवलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. मुकुंदवाडीहून दोन बस बदलून त्या आल्या. दारावरच्या रजिस्टरात बाहेरच्या माणसासारखं नाव लिहिलं आणि ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं, ‘दुरुस्ती’.

शेवटच्या पानावर शोधासाठी महत्त्वाचे शब्द भरायचे असतात. पाच चौकटी, त्याहून एक जास्त नाही. माझ्या मार्गदर्शकांनी शब्द लिहून दिले होते: जलसंस्कृती, लोकपरंपरा, वारसा, बोली, स्थित्यंतर. बाईंनी कागद वाचला.

“हे शब्द टाकून कोण हुडकणार हाये?”

“सरांनी दिलेत.”

“मंग सरांनाच सापडंल. तुमचा उघडला तर तिचा सापडंल ना? तुमच्या पहिल्याच पानावर तिचं नाव हाये. मंग तुमचाच नीट सापडू द्या.”

मी खुर्चीवरून उठलो. यावरून मार्गदर्शक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, पण उठलो. नवीन मराठी कळफलक बाईंच्या बोटांना परका होता. वीस वर्षं न बघता टाइप केलेली बाई एकेक अक्षर हुडकून एका बोटाने दाबत होती. बारव. बारवा. बाखा. बखरी. कमल मोहिते. पाचवी चौकट भरली आणि पडदा पांढरा झाला. ‘आपले सत्र संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा.’ माझ्या तोंडून शिवी गेली. मी म्हटलं, सरका, मी टाकतो.

“तुम्ही घाई करताल,” बाई म्हणाल्या आणि पहिल्या चौकटीपासून पुन्हा सुरुवात केली.

या वेळी पाचही भरून झाल्या. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी मनगट धरलं. आजच्या फॉन्टमधे र आणि व चिकटत नाहीत हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि तरी पडदा मोठा करायला लावला. आणखी मोठा. आणखी. शेवटी बाकी सगळं बाहेर गेलं आणि पडदाभर दोनच अक्षरं उरली, मधे बोटभर पांढरी जागा. बाई खुर्चीत पुढे सरकल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या जागेत तर्जनी टेकवून बघितली.

“हाये,” त्या म्हणाल्या. “दाबा आता.”

मी दाबलं.